बाभळीच्या लाकडाचं इलेक्ट्रोड: एका एमएस्सी प्रकल्पाचं वर्ष

एमएस्सी फिजिक्सचं शेवटचं वर्ष मी बाभळीचा कोळसा करण्यात, धुण्यात आणि त्याचं वजन करण्यात घालवलं. मे २०२५ मध्ये व्हायवा झाली. तेव्हापासून जळगाव-धुळ्याकडच्या मुलामुलींचे फोन येतात, "ताई, बायोचारवर प्रकल्प घेतोय, आपल्याकडे जमेल का?" जमतं. पण फोनवर सगळं सांगून होत नाही, आणि जे सांगायला हवं ते संशोधनाच्या पेपरांत सापडत नाही. पेपरात "धुऊन वाळवले" एवढंच असतं. माझा अख्खा फेब्रुवारी त्यातच गेला.

आधी विषय थोडक्यात: बायोचार म्हणजे लाकूड, काडीकचरा यांचा कोळसा, आणि त्यातून मला सुपरकपॅसिटर या वीज साठवणाऱ्या उपकरणाचं इलेक्ट्रोड, म्हणजे वीज आत-बाहेर नेणारी पट्टी, करायची होती. बॅटरीत वीज साठते ती रासायनिक बदलातून. सुपरकपॅसिटरमध्ये इलेक्ट्रोलाइट या द्रावणातले आयन, म्हणजे विद्युतभारित कण, कार्बनच्या पृष्ठभागाला येऊन बसतात आणि वीज काढली की उठून जातात. म्हणून तो काही सेकंदांत भरतो, लाखो वेळा भरता-रिकामा करता येतो, पण साठा थोडा. पृष्ठभागावरचा भार आणि त्याला चिकटलेले आयन, अशा या दुहेरी थराची कल्पना जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झने १८५३ मध्ये मांडली. सच्छिद्र कार्बनचे इलेक्ट्रोड वापरण्याचं पेटंट जनरल इलेक्ट्रिकच्या बेकरला १९५७ साली मिळालं. सगळा खेळ पृष्ठभागाचा आहे: एका ग्रॅम कार्बनमध्ये हजार चौरस मीटरपेक्षा जास्त पृष्ठभाग दडलेला असू शकतो. बाजारातल्या सुपरकपॅसिटरमध्ये बऱ्याचदा नारळाच्या करवंटीपासून केलेला कार्बन असतो. नारळ आपल्याकडे नाही, बाभूळ मात्र बांधाबांधावर आहे.

जुलै २०२४ मध्ये विषय ठरवायचा होता. वर्गात केळीचे खांब आणि पऱ्हाट्या यांवर उड्या पडल्या, साहजिकच आहे, दोन्ही आपल्याकडे ढीगभर. आमच्या गाइड मॅडमनी मला लाकूड घ्यायला सांगितलं. कारण असं की झाडात पाणी वर चढवणाऱ्या उभ्या नळ्या कोळसा झाल्यावरही जागच्या जागी राहतात. इलेक्ट्रोलाइटला आत शिरायला त्या आयत्याच वाटा. आयन बसतात ते मात्र त्या नळ्यांच्या भिंतींतल्या दोन नॅनोमीटरहून बारीक छिद्रांत, आणि ती छिद्रं आपल्याला पाडावी लागतात.

दोन पानी सारांश, विषय-मान्यतेचा फॉर्म, विभागीय समितीपुढे दहा मिनिटं. समितीने शीर्षकातला "उच्च कार्यक्षमता" हा शब्द काढायला लावला. तेव्हा राग आला होता, एप्रिलमध्ये आकडे हातात आल्यावर बरं वाटलं. मान्यतेचं पत्र गणपती उठल्यावर मिळालं. तोवर वाचन करा. वाचताना प्रत्येक पेपरातून तीन गोष्टी वेगळ्या वहीत लिहून ठेवा: इलेक्ट्रोडवर एका चौरस सेंटिमीटरला किती मिलिग्रॅम माल, म्हणजे कार्बन, होता, चाचणी दोन इलेक्ट्रोडची की तीन, आणि इलेक्ट्रोलाइट कोणता. चारशे फॅरड (वीज साठवण्याच्या क्षमतेचं एकक) प्रति ग्रॅमसारखे आकडे पाहून छाती दडपते. शेजारी "एक मिलिग्रॅम" लिहिलेलं दिसलं की दडपण बरंच उतरतं. का, ते पुढे येईलच.

खरेदीने सप्टेंबर आणि ऑक्टोबर खाल्ले. कॉलेजकडून विद्यार्थी प्रकल्पासाठी दहा हजारांपर्यंत मिळणार होते, पण आधी खर्च करा, मग बिलं लावा. कोणत्याही वस्तूला तीन कोटेशन, त्यांचा तुलनात्मक तक्ता, विभागप्रमुख आणि प्राचार्यांच्या सह्या, मग परचेस ऑर्डर. बिल कॉलेजच्या नावानेच हवं, तुमच्या नावाने असेल तर एक रुपया परत मिळत नाही. पाच हजारांच्या वरच्या पावतीवर रेव्हेन्यू स्टॅम्प लागतो, तो जवळ बाळगा, ऐनवेळी पोस्ट बंद असतं. ॲसिड देणाऱ्या दुकानदाराने कॉलेजच्या लेटरहेडवर पत्र मागितलं. माझ्या नशिबाने टायपिस्ट दादांनी त्याचा नमुनाच करून ठेवला होता.

खर्चाचा अंदाज यावा म्हणून माझे आकडे देते. नायट्रोजनच्या मोठ्या सिलिंडरला आठ हजार डिपॉझिट, भरायचे सातशे, शिवाय टेम्पोचं भाडं. निकेलची छोटी बोट, म्हणजे भट्टीत माल ठेवायची होडीसारखी वाटी, सव्वातीन हजार. निकेल फोमचा, म्हणजे इलेक्ट्रोडसाठी लेप द्यायच्या सच्छिद्र निकेलचा, तुकडा अडीच हजार. केओएचची (पोटॅशियम हायड्रॉक्साइडची) अर्धा किलोची बाटली साडेचारशेच्या आसपास. डिपॉझिट धरलं तर दहा हजारांत हे बसत नाही. वरचे पैसे पप्पांनी कापूस विकल्यावर दिले.

लाकूड फुकट मिळालं. अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गावी एक सुतार आप्पा आहेत. बैलगाड्या कमी झाल्या तरी वखराची, कोळप्याची कामं त्यांच्याकडे येतात. त्यांच्या अंगणातल्या वाळलेल्या बाभळीच्या ढलप्या मागितल्या तेव्हा कशाला ते विचारलं. कोळसा करायचाय म्हटल्यावर म्हणाले, "इतलं शिकीसन कोयसाच बनाडस का वं माय?" (एवढं शिकून कोळसाच करतेस का गं बाई?) आणि पोतंभर दिल्या. एकाच ओंडक्याचं लाकूड घ्या. साल पूर्ण काढा, सालीत राख जास्त निघते. मधलं लालसर लाकूड आणि बाहेरचं फिकट लाकूड वेगळं ठेवा. मी फक्त लालसर घेतलं. ओंडका कुठला, तोडून किती दिवस झाले, हे त्याच दिवशी लिहून ठेवा, रिपोर्टमध्ये लागतं.

दिवाळीनंतर भट्टीला हात लागला. आमच्या विभागातली ट्यूब फर्नेस, म्हणजे नळीची भट्टी, जुनी, पण चालणारी. तिच्यावर पीएचडीचे दोघं आणि आम्ही चौघं. वेळापत्रक दारावर चिकटवलेलं, त्यावरून भांडणंही होत. नळीतून नायट्रोजन वाहता ठेवून मिनिटाला पाच अंश या गतीने ५०० अंशांपर्यंत न्यायला दीड तास लागतो, तिथे दोन तास ठेवायचं, मग भट्टी आपोआप निवेपर्यंत संध्याकाळ. म्हणजे दिवसाला एकच खेप. वीस ग्रॅम लाकडातून पाच-सहा ग्रॅम कोळसा निघाला, बाकी सगळं धूर, पाणी आणि डांबर होऊन गेलं. हे डांबर नळीच्या थंड टोकाला साचतं आणि बाहेर जायची वाट बुजवतं. प्रत्येक खेपेनंतर ॲसिटोनने टोक पुसून घ्या. बाहेर पडणारा वायू पाण्याच्या बाटलीतून सोडत असाल तर मध्ये एक रिकामी बाटली जोडा. भट्टी निवताना आतला वायू आकसतो आणि पाणी उलटं ओढलं जातं. रिकामी बाटली असेल तर ते तिच्यात पडतं, गरम नळीत शिरत नाही. ही युक्ती लॅब असिस्टंट नानांची. त्यांना विचारल्याशिवाय मी त्या वर्षी एकही जोडणी केली नाही.

वास मात्र कुणी सांगितला नव्हता. ओढणीला, केसांना, वहीला धुराचा वास. होस्टेलवर मैत्रिणी विचारत, हुरडा पार्टीला गेली होतीस का?

हा झाला नुसता बायोचार. याचं इलेक्ट्रोड केलं तर वीज जेमतेम साठते. माझ्याकडे साधारण अकरा फॅरड प्रति ग्रॅम आले. छिद्रं पाडायला केओएच लागतं. कोळसा कुटून, बारीक चाळणीने गाळून, त्याच्या तिप्पट वजनाच्या केओएचच्या पाण्यात रात्रभर भिजवला, ११० अंशांवर वाळवला आणि पुन्हा नायट्रोजनमध्ये ८०० अंशांवर तासभर ठेवला. या तापमानाला केओएच कार्बन खातं, कार्बोनेट बनतं, हायड्रोजन निघतो आणि थोडं धातुरूप पोटॅशियमही तयार होतं. ते कार्बनच्या थरांत घुसून त्यांना फाकवतं. नेहमीची ॲल्युमिनाची बोट केओएच कुरतडतं, म्हणून निकेलची. बोट अर्धीच भरा, वितळलेलं मिश्रण फुगून उतू जातं. आणि नळी पूर्ण थंड झाल्याशिवाय उघडू नका. उरलेल्या पोटॅशियमला पाणी लागलं की ते पेट घेतं. माल बाहेर काढल्यावर पहिलं पाणी थेंबाथेंबाने, हूडखाली (वाफा ओढून घेणाऱ्या कप्प्यात), चष्मा लावून. इथे घाई करणाऱ्याला मॅडम लॅबबाहेर काढत, आणि योग्यच करत.

डिसेंबर-जानेवारीत थंडी चांगली पडली होती, पण भट्टीचं काम सारखं अडत होतं. दिवसा व्होल्टेज पडलं की कंट्रोलर तापमान धरत नसे. रात्री दहानंतर लाइन स्थिर असायची, पण मुलींना रात्री लॅबमध्ये थांबायला वेगळी परवानगी लागते: पालकांचं पत्र, होस्टेलच्या रेक्टरची सही, गाइडची सही, आणि सोबत एक कर्मचारी. नाना थांबले. त्यांच्या ओव्हरटाइमचा फॉर्मही आम्हीच भरला.

मग धुणं. ॲक्टिव्हेशननंतरच्या, म्हणजे केओएचने छिद्रं पाडून झालेल्या, मालात केओएच आणि कार्बोनेट खच्चून भरलेलं असतं. आधी एक मोलर हायड्रोक्लोरिक ॲसिडने धुवायचं, फसफस थांबेपर्यंत. मग डिस्टिल्ड पाण्याने, पीएच सात येईपर्यंत. ऐकायला सोपं आहे. तीन ग्रॅम पावडरीला लिटरच्या लिटर पाणी जातं, आणि गाळण कागदातून ते इतकं सावकाश उतरतं की सकाळी ओतलेलं दुपारी चहा पिऊन आलं तरी तिथेच. कॉलेजच्या गावात फेब्रुवारीपासूनच नळ आठवड्याने येतो. काचेच्या डिस्टिलेशन सेटला एक लिटर शुद्ध पाणी काढायला कितीतरी लिटर थंड पाणी कंडेन्सरमधून वाहवावं लागतं, ते सरळ मोरीत. विभागप्रमुखांनी सांगून टाकलं, टाकी भरलेली असेल त्याच दिवशी सेट चालेल. माझ्या पावडरी बीकरमध्ये तशाच पडून. रडू यायचं ते याच दिवसांत. मोठं काही अडलं असतं तर निदान कुणाला सांगता आलं असतं. पाण्यावाचून संशोधन अडलंय हे सांगायचं कुणाला?

तोडगा घरचाच निघाला. दोनशे लिटरचा ड्रम, त्यात डेझर्ट कूलरची मोटर, मोटरची नळी कंडेन्सरला, आणि कंडेन्सरमधून आलेलं पाणी परत ड्रममध्ये. पाणी कोमट झालं की बाजूला ठेवलेल्या बादल्यांशी अदलाबदल. मोटर नवी घेतली तरी तीन-चारशेला मिळते, माझी घरच्या कूलरची होती. खानदेशात कूलर नाही असं घर विरळा, तेव्हा हे कुठल्याही कॉलेजात जमेल. विभागात अजून तोच ड्रम चालतो. ड्रममध्ये एक थर्मामीटर लटकवून ठेवा.

मार्चमध्ये पृष्ठभाग मोजून घ्यायचा होता. बीईटी पद्धत म्हणजे १९३८ सालचं ब्रुनॉअर, एमेट आणि टेलर यांचं गणित: उणे १९६ अंशांवर नमुन्यात किती नायट्रोजन चिकटतो त्यावरून पृष्ठभाग काढायचा. कोणतं यंत्र कुठे आहे हे केंद्र सरकारच्या आय-स्टेम पोर्टलवर शोधता येतं. नोंदणीला कॉलेजचा ई-मेल लागतो, आमच्याकडे विद्यार्थ्यांना तो नसतो, त्यामुळे मॅडमच्या खात्यातून केलं. पुण्यातली एक प्रयोगशाळा मिळाली. नमुन्यामागे दोन हजार, दोन नमुने, वर अठरा टक्के जीएसटी, मिळून ४,७२० रुपये. फॉर्मवर गाइडची सही, विभागप्रमुखांचा शिक्का, नमुना विषारी आहे का, ज्वलनशील आहे का, किती अंशांवर डीगॅस करायचा (तापवून आतला वायू काढायचा), हे सगळं. शेवटचा रकाना रिकामा सोडू नका. त्यांनी फोन केला तर ठीक, नाहीतर नमुना बाजूला पडून राहतो.

काळी पावडर म्हटल्यावर कुरिअरवाल्याने हात वर केले. मग मीच महाराष्ट्र एक्सप्रेसने पुण्याला गेले. काचेच्या छोट्या बाटल्या, झाकणावर पॅराफिल्म, बाहेरून दोन झिप-लॉक पिशव्या, आणि कॉलेजचं पत्र वरच्याच कप्प्यात. प्रत्येक नमुना किमान दोनशे मिलिग्रॅम न्या. एवढं करून निकाल यायला महिना लागला. यंत्राला द्रव नायट्रोजन मिळत नव्हता म्हणे. आला तो आकडा साधारण ११४० चौरस मीटर प्रति ग्रॅम. पेपरांत दोन-तीन हजारांचे आकडे असतात, त्या मानाने हा मध्यम.

निकालाची वाट बघताना इलेक्ट्रोड केले. ऐंशी भाग आपला कार्बन, दहा भाग कार्बन ब्लॅक (वीज वाहून नेणारी काजळी), दहा भाग पीव्हीडीएफ (सगळं चिकटवून ठेवणारं प्लास्टिक), एनएमपी या द्रावकात खलून निकेल फोमवर लेप, आणि व्हॅक्युम ओव्हनमध्ये ८० अंशांवर रात्रभर. एनएमपी गर्भाला अपायकारक आहे. हातमोजे आणि हूड यांत तडजोड नको, मुलींनी तर अजिबात नाही. फोम आधी पातळ ॲसिड, पाणी आणि अल्कोहोलने धुऊन, वाळवून, त्याचं वजन करून ठेवायचं. लेपानंतर पुन्हा वजन. दोन्हींतला फरक म्हणजे लेप, आणि त्याचे ऐंशी टक्के म्हणजे तुमचा माल.

आता ती वजनाची भानगड. आमचा काटा ०.१ मिलिग्रॅमपर्यंत वाचतो. फोमवर एक मिलिग्रॅम माल असेल तर वजनातच दहा टक्के इकडेतिकडे, आणि फॅरड प्रति ग्रॅम काढताना भागाकार याच वजनाने करायचा असतो. म्हणजे शंभराचे एकशे दहा नुसत्या काट्याने होतात, रसायनशास्त्राला हातही न लावता. मॅडमनी सांगितलं, चौरस सेंटिमीटरला पाच मिलिग्रॅमच्या खाली जायचं नाही. थर जाड झाला की आयनांना आत जायला वेळ लागतो आणि आकडा कमी येतो, हे त्यांना माहीत होतं. पण बाजारातल्या इलेक्ट्रोडवर दहाच्या आसपास माल असतो. एका मिलिग्रॅमवर मिळालेला देखणा आकडा तिथे टिकेलच असं नाही. माझं मत विचाराल तर पाच दशांशांचा काटा नसलेल्या प्रत्येक कॉलेजने हा नियम भिंतीवर लिहावा.

इलेक्ट्रोडची चाचणी घेणारं यंत्र, पोटेन्शिओस्टॅट, आमच्याकडे नाही. दुसऱ्या एका संस्थेत वेळ मागितली, पत्र गेलं, उत्तर नाही, आठवणीचं पत्र गेलं, मग मॅडमच्या ओळखीने रात्री आठ ते सकाळी आठ अशी वेळ मिळाली. एप्रिल संपत आलेला, आखाजी (अक्षय्य तृतीया) तोंडावर. घरी झोके बांधलेले, बहिणी माहेरी आलेल्या, आणि मी बसस्टँडवर थर्मोकोलचा डबा मांडीवर घेऊन. बाहेर चव्वेचाळीसच्या पुढे पारा.

सहा मोलर केओएच आदल्या दिवशी करा. गोळ्या साधारण ८५ टक्केच शुद्ध असतात, बाकी पाणी, म्हणून लिटरला जवळपास चारशे ग्रॅम लागतात. द्रावण खूप तापतं, आणि ते काचेच्या बाटलीत साठवू नये. संदर्भ इलेक्ट्रोड, म्हणजे ज्याच्या तुलनेत व्होल्टेज मोजतात तो, मर्क्युरी-मर्क्युरिक ऑक्साइडचा घ्या. सगळीकडे असतो तो सिल्व्हर क्लोराइडचा, पण तीव्र केओएचमध्ये तो खराब होतो. मी उणे एक ते शून्य व्होल्टमध्येच चाचणी केली. धन बाजूला गेलं की निकेल फोम स्वतःच क्रिया करू लागतो आणि त्याची वीज आपल्या खात्यात जमा होते. तरीही एक कोरा फोम तसाच चालवून त्याचा आलेख रिपोर्टला जोडा. परीक्षक तो विचारतातच.

पहिला सीव्ही आलेख (व्होल्टेज वर-खाली नेत प्रवाह नोंदवणारा) स्क्रीनवर आयताकडे, म्हणजे चांगल्या कपॅसिटरच्या आकाराकडे, झुकत उघडला तेव्हा खोलीत मी आणि वॉचमन काका. त्यांना दाखवला. "चांगलं आहे का?" मी म्हटलं, "चांगलंच म्हणायचं काका."

एक अँपिअर प्रति ग्रॅमला डिस्चार्ज १३२ सेकंद चालला. एक व्होल्टची खिडकी, म्हणजे १३२ फॅरड प्रति ग्रॅम. दहा अँपिअर प्रति ग्रॅमला हा आकडा ८४ फॅरड प्रति ग्रॅमवर आला. असे दोन इलेक्ट्रोड जोडून सेल केला तर सेलचा आकडा चौथा भाग होतो, आणि ऊर्जा भरते किलोला साधारण साडेचार वॅट-अवर, तीही फक्त कार्बनचं वजन धरून. लिथियम-आयन बॅटरी दीडशे-दोनशेच्या घरात असते. हे गणित रिपोर्टमध्ये स्वतः मांडा. नाहीतर "मग बाइक चालेल का?" या प्रश्नाला व्हायवात घाम फुटतो. याचं काम झटक्यात वीज देणं-घेणं, दिवसभर पुरवणं नाही.

टिकाऊपणासाठी किती फेऱ्या करायच्या हे मी वेळेवरून ठरवलं. दहा अँपिअरला एक फेरी साधारण सतरा सेकंदांची. दोन हजार फेऱ्या म्हणजे साडेनऊ तास, पाच हजार म्हणजे जवळपास अख्खा दिवस-रात्र. मला बारा तासच होते. दोन हजार केल्या, ९४ टक्के क्षमता उरली. यूपीएस चालू आहे ना ते आधी बघून घ्या. रात्री दोनला लाइट गेली होती, यूपीएसने तारलं.

व्हायवाला बाहेरच्या सरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "पाच हजार का नाहीत?" मी वेळेचा हिशोब सांगितला. ते म्हणाले, "मग तसं लिही की रिपोर्टमध्ये." तिथेच पेनने लिहून दिलं, दुरुस्तीचं पान नंतर बाइंडिंगवाल्याकडे जोडलं. त्यानंतर बराच वेळ त्यांनी कूलरच्या मोटरबद्दलच विचारलं.

खर्चाची बिलं जूनमध्ये मंजूर झाली. सिलिंडरचं डिपॉझिट मात्र अडकलं होतं, कारण एजन्सीला पिवळी मूळ पावती हवी होती आणि ती कॉलेजने बिलांसोबत फाइलला लावलेली. अकाउंट सेक्शनकडून "मूळ प्रत कार्यालयात जमा आहे" असं सही-शिक्क्याचं पत्र घेतलं, सोबत झेरॉक्स जोडली, तेव्हा ऑगस्टमध्ये आठ हजार परत आले. तुम्ही डिपॉझिटची पावती आणि गॅस भरल्याची पावती पहिल्याच दिवशी वेगवेगळ्या करून मागा.